सर्वांत दुष्ट कोण? खलनायकांच्या तुलनेविषयी

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचतोय ना? ठीक.

मागच्या व्याख्यानाच्या शेवटी संयोजकांनी श्रोत्यांना एक प्रश्न दिला होता. कथा, कादंबऱ्या, नाटकं, सिनेमे यांतला सर्वांत दुष्ट माणूस कोण, ते एका नावात कळवा. आम्हांला वाटलं होतं, दहा-पंधरा उत्तरं येतील. परवा हातात यादी आली ती चार पानांची. सर्वांत चांगला माणूस कोण असं विचारलं असतं तर अर्धं पान तरी भरलं असतं की नाही, शंका आहे. (हशा) यादीत रावण आहे, शकुनी आहे, दुर्योधन आहे, अश्वत्थामा आहे. गब्बरसिंग आणि मोगँबो अर्थातच आहेत. तरुण श्रोत्यांनी थॅनोस, जोकर, व्हॉल्डेमॉर्ट अशी नावं कळवली आहेत. एकाने 'एकच प्याला'तला तळीराम लिहिलाय, ते गृहस्थ वयाने आमच्या आसपासचे असावेत. आणि एका श्रोत्याने 'आमचे मोठे काका' असं लिहिलंय. ते काल्पनिक नसल्यामुळे स्पर्धेतून बाद.

प्रश्न पोरकट आहे असं आधी आम्हांलाही वाटलं. पण यादी घेऊन बसलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. दोन माणसं जेव्हा दोन खलनायकांवरून वाद घालतात, तेव्हा खरं म्हणजे ती दोन तराजूंवरून भांडत असतात. थॅनोसवाला मेलेल्यांची संख्या मोजतो. गब्बरवाला लहानपणी आपल्याला वाटलेली भीती मोजतो. शकुनीवाला कपट मोजतो. तेव्हा आज आम्ही निकाल देणार आहोत, 'सगळेच आपापल्या परीने दुष्ट' असं म्हणून पळ काढणार नाही. पण आधी तराजू कुठला वापरायचा ते ठरवलं पाहिजे.

संख्येचा तराजू लवकर बाजूला ठेवता येईल. २०१८ सालच्या त्या चित्रपटात थॅनोस चुटकी वाजवतो आणि विश्वातले निम्मे जीव राख होऊन उडून जातात. आमच्या नातवाने आम्हांला तो दाखवला. निम्मं विश्व नाहीसं झालं आणि आमच्या शेजारचा मुलगा पॉपकॉर्न खात होता. त्यात त्याचा दोष नाही. ती संख्या मनात मावतच नाही. शिवाय थॅनोसला असं वाटतं की विश्वात साधनं कमी आहेत, खाणारी तोंडं फार झाली आहेत, निम्मी कमी केली की उरलेली सुखी होतील. म्हणजे तो भयंकर चुकीचं गणित अगदी प्रामाणिकपणे मांडणारा आहे. असा माणूस धोकादायक असतो, वेडाही असेल, पण सर्वांत दुष्ट? आम्ही त्याला दुसऱ्याच वर्गात बसवू.

भीतीचा तराजू तर आणखीच फसवा. 'शोले' आला १९७५ साली. ठाकूरच्या घरातल्या लहान मुलालासुद्धा गब्बर सोडत नाही. आणि पुढे त्याच वेषात अमजद खान यांनी ग्लुकोज बिस्किटांची जाहिरात केली, मुलांनी ती बिस्किटं आवडीने खाल्ली! ज्याच्या नावावर बिस्किटं खपतात त्याची भीती किती खोल गेली असेल याचा विचार करा. उलट बाजूने पाहा. निळू फुले यांच्याबद्दल सांगतात की खेड्यापाड्यांतल्या बायका त्यांना प्रत्यक्ष समोर पाहून बिचकायच्या. हा माणूस राष्ट्र सेवा दलात घडलेला, पडद्याबाहेर अतिशय सज्जन. 'सामना'मधला त्यांचा हिंदुराव आठवा. तो आरडाओरडा करत नाही, माणसाला घरी बोलावतो, खाऊपिऊ घालतो. बिचकणाऱ्या त्या बायकांना दुष्टपणाची पारख गब्बरच्या प्रेक्षकांपेक्षा जास्त होती असं आमचं मत आहे. त्यांनी असली माणसं गावात पाहिलेली होती.

मग उरतो हेतूचा तराजू. इथे आपल्याकडे एक फार जुना आणि नेमका आधार आहे. भर्तृहरीचं नीतिशतक, जे वामन पंडितांनी मराठीत आणलं. त्यात एका श्लोकात त्याने माणसांच्या चार पायऱ्या केल्या आहेत. स्वतःचं नुकसान सोसून दुसऱ्याचं भलं करतात ते सत्पुरुष. स्वतःचं सांभाळून दुसऱ्याचंही करतात ते सामान्य, म्हणजे आपण, आपल्या बऱ्या दिवशी. स्वतःच्या फायद्यासाठी दुसऱ्याचा घात करतात ते मनुष्यरूपातले राक्षस. आणि चौथे, ज्यांना काही मिळायचं नसतं तरी जे दुसऱ्याचं चांगलं मोडतात. यांना काय म्हणायचं? इथे भर्तृहरी हात टेकतो. अशा लोकांना काय नाव द्यावं ते आपल्याला कळत नाही, असं तो सरळ कबूल करतो. राक्षस हा शब्द वापरून झालेला आहे, त्याच्या खालचा शब्द त्याच्याकडे नाही. संस्कृतात दूषणांची टंचाई आहे असं कोणी म्हणणार नाही, तरीही नाही.

आम्ही हा श्लोक वर्गात शिकवायचो तेव्हा एखादा हुशार विद्यार्थी विचारायचाच, की सर, अशी माणसं असतात का? आणि तत्त्वज्ञानातले मोठमोठे लोक त्या विद्यार्थ्याच्या बाजूने उभे आहेत. सॉक्रेटिसच्या मते जाणूनबुजून वाईट कोणी करत नाही, अज्ञानापोटी होतं. कांटने १७९३ मधल्या त्याच्या धर्मविषयक ग्रंथात मानवी स्वभावातल्या मूळच्या दुष्टपणाबद्दल लिहिलं, पण तिथेही त्याचं म्हणणं असं, की माणूस स्वार्थाला कर्तव्याच्या पुढे नेऊन बसवतो एवढंच. वाईटासाठी वाईट करणं हे सैतानी झालं, माणसाच्या आवाक्यातलं नाही. म्हणजे कांटच्या जिन्यावर भर्तृहरीची चौथी पायरीच नाही. उलट बाजूला एकटा ऑगस्टिन. त्याने सोळाव्या वर्षी शेजारच्या झाडाची नासपती मित्रांबरोबर चोरली आणि डुकरांना टाकली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळं होती. चोरी करण्याचीच गोडी वाटली असं तो लिहितो. फळं किती क्षुल्लक, पण ते प्रकरण त्याला उतारवयापर्यंत छळत राहिलं. आणि याच प्रकरणात तो आणखी एक गोष्ट नोंदवतो, की एकटा असतो तर मी हे केलं नसतं. ती लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागेल. इथे हॅना आरेन्ट यांचं नाव घ्यायची पद्धत आहे, पण त्या आइकमन या खऱ्या माणसाबद्दल लिहीत होत्या. आज आपण कल्पितातच राहू.

आता गंमत पाहा. आपल्याला, म्हणजे प्रेक्षकांना आणि श्रोत्यांना, ती चौथी पायरी सहन होत नाही. आपण खलनायकाला कारण चिकटवून टाकतो. शकुनीचं घ्या. तुमच्यातल्या निम्म्यांनी तरी ती गोष्ट ऐकली असेल, की गांधारराजाला आणि त्याच्या मुलांना कौरवांनी कोंडून उपाशी मारलं, एकट्या शकुनीला जगवलं, आणि बापाच्या हाडांचे फासे करून त्याने कुरुकुळाचा सूड घेतला. उत्तम गोष्ट आहे. पण पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती उघडा, तिथे ही गोष्ट नाही. तिथला शकुनी भाच्यासाठी खेळतो, कपटाने खेळतो, जिंकतो. सूडाचा मागमूस नाही. ती हाडं लोककथेने मागाहून आणली. लोकांना एवढा मोठा सत्यानाश विनाकारण झालेला चालेना. दुर्योधनाचंही तेच. धर्म काय ते मला कळतं पण तिकडे माझं मन वळत नाही, अशा अर्थाचा त्याच्या तोंडचा श्लोक कीर्तनकार हमखास म्हणतात, तो महाभारतातला नव्हे, पांडवगीतेतला. कोणीतरी त्याच्यासाठी वकीलपत्र घेतलं. (हशा)

आणि शेक्सपिअरने नेमकं याच्या उलट केलं.

आमचा उमेदवार आता तुमच्या ध्यानात आला असेल. इयागो. यादीत त्याला एकच मत आहे, तेही कदाचित आम्हांला खूश करण्यासाठी. मराठीला हे पात्र नवं नाही. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली 'ऑथेल्लो'चं भाषांतर केलं, देवलांनी १८९० मध्ये 'झुंझारराव' लिहिलं, पुढे शिरवाडकरांनीही ते मराठीत आणलं. तरुण मंडळींना 'ओंकारा'मधला लंगडा त्यागी माहीत असेल.

ही गोष्ट शेक्सपिअरची नाही. चिंथिओ नावाच्या इटालियन लेखकाची कथा १५६५ साली छापली गेली, तिथून ती आली. चिंथिओच्या कथेत इयागोच्या जागी जो निशाणवाला अधिकारी आहे, तो सेनापतीच्या बायकोच्या प्रेमात पडतो. ती दाद देत नाही. तिचं मन दुसऱ्या अधिकाऱ्यावर आहे अशी तो स्वतःची समजूत करून घेतो, प्रेमाचा द्वेष होतो आणि पुढचं सगळं घडतं. सरळ आहे, नाही का? रोजच्या वर्तमानपत्रात येतं. तो रुमाल चोरतो कसा? स्वतःची लहान मुलगी तिच्या मांडीवर देतो, ती बिचारी मुलीचे लाड करत असताना हळूच काढून घेतो. आणि शेवटी तिला मारतो तोही स्वतः. वाळू भरलेल्या मोज्याने, नवऱ्याच्या समोर, नवऱ्याच्या संमतीने.

शेक्सपिअरने ही कथा घेतली आणि तिच्यातून दोन गोष्टी काढून टाकल्या. एक, ते प्रेम. इयागोकडे कारणं आहेत, नाहीत असं नाही. बढती कॅशिओला मिळाली म्हणून राग आहे. ऑथेल्लोचं आपल्या बायकोशी काही असेल असा संशय आहे. मग कॅशिओबद्दलही तोच संशय. डेस्डिमोनाबद्दल आसक्तीचा एक उल्लेखही येतो आणि विरून जातो. कारणं इतकी आहेत की त्यांतलं एकही खरं वाटत नाही. रजेच्या अर्जावर चार वेगवेगळी कारणं लिहिणाऱ्या माणसासारखं ते वाटतं. कोलरिजने फार पूर्वी हे ओळखलं होतं, की हा माणूस हेतू शोधत फिरतोय, कारण हेतू नाहीच. 'ओंकारा'ने हिंदी प्रेक्षकांसाठी बढतीचं कारण पुन्हा ठसठशीत केलं, आणि त्यामुळे लंगडा त्यागीबद्दल थोडी कणव वाटते. शिवाय तिथे त्याला त्याची बायकोच मारते, हिशेब चुकता होतो. मूळ नाटकात इयागो जखमी होऊन जिवंत उरतो, असं का केलंस या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही असं ठरवतो आणि गप्प बसतो. भर्तृहरीला जे नाव सापडलं नाही ते शेक्सपिअरनेही शोधलं नाही.

दुसरी काढून टाकलेली गोष्ट आमच्या मते जास्त महत्त्वाची आहे. त्याने इयागोचा हात काढून घेतला. रुमाल तो चोरत नाही, तो पडतो, एमिलिया उचलून आणून देते. डेस्डिमोनाला तो मारत नाही, ऑथेल्लो मारतो, एकटा, स्वतःच्या हातांनी, आणि न्याय करतोय अशा समजुतीने. शेवटी पकडला जायची वेळ येते तेव्हा इयागो तलवार चालवतो, रॉडरिगोला आणि स्वतःच्या बायकोला मारतो. पण ती पळापळ आहे, त्याचं खरं काम तोवर झालेलं असतं. आणि ते काम करताना त्याच्याजवळ शब्दांखेरीज काही नव्हतं.

तेव्हा आमचा तराजू असा. बळी किती, हा प्रश्न नाही. हेतू किती काळा, हाही अपुरा. आम्ही विचारतो, या माणसाने दुसऱ्याचा चांगुलपणा कशासाठी वापरला? आणि शेवटी पाप कोणाच्या हातून घडवलं?

या तराजूवर अश्वत्थामा घालून पाहू, कारण क्रौर्यात तो इयागोच्या कितीतरी पुढे आहे. सौप्तिकपर्व वाचताना आजही झोप उडते. वडाखाली तिघे बसले आहेत, घुबड झोपलेल्या कावळ्यांना मारताना अश्वत्थामा पाहतो आणि त्याला युक्ती सुचते. रात्री छावणीत शिरतो. धृष्टद्युम्न, शस्त्राने तरी मार म्हणून विनवतो, याने ते ऐकलं नाही. द्रौपदीचे पाचही मुलगे मारले. पळणाऱ्यांना दारात कृप आणि कृतवर्मा कापतात. आणि एवढ्याने भागलं नाही म्हणून पुढे पांडवस्त्रियांच्या गर्भांवर अस्त्र. याहून वाईट काय असू शकतं असं वाटतं. पण त्याचा बाप कपटाने मारला गेलेला आहे. इरावतीबाईंनी 'युगान्त'मध्ये द्रोण आणि अश्वत्थामा या बापलेकांचा एकत्र विचार केला आहे तो मुळातून वाचा. आणि मुख्य म्हणजे, अश्वत्थाम्याने हे स्वतः केलं. त्याचं पाप त्याच्याच कपाळावर आहे, अगदी शब्दशः. तीन हजार वर्षं भटकण्याचा शाप त्यालाच. आपल्याकडे नर्मदा परिक्रमा करून आलेली माणसं अजून सांगतात, जखमेला तेल मागणारा एक उंच माणूस भेटला होता. लोकांनी त्याला क्षमा केली नाही, पण तेल नाकारलं असंही कोणी सांगत नाही. इयागो दारात आला तर आपण काय देऊ? मुळात तो इयागो आहे हे कळणार कसं?

तळीरामाला मत देणाऱ्या गृहस्थांचाही मान ठेवला पाहिजे. गडकऱ्यांच्या सुधाकराची सनद जाते, अपमानाने तो पोळलेला असतो, आणि त्याचा कारकून त्याच्यापुढे पहिला प्याला ठेवतो. हे इयागोच्या फार जवळचं आहे. दुसऱ्याच्या दुःखाच्या फटीतून आत शिरणं. पण तळीराम स्वतः त्याच डबक्यात गळ्यापर्यंत बुडालेला आहे, त्यातच मरतो. बुडणारा माणूस दुसऱ्याचा पाय ओढतो. शिवाय त्याने आपल्याला इतकं हसवलंय की पंच म्हणून आमच्यावर विश्वास ठेवू नका.

खरी चुरस आहे ती ऑर्वेलच्या ओब्रायनशी. '१९८४' ही कादंबरी १९४९ ची. ओब्रायनला विन्स्टनचा जीव नको आहे, त्याचं मन हवं आहे. ज्युलियावरचं प्रेम त्याने स्वतःच्या तोंडाने नाकारलं पाहिजे, तिला माझ्या जागी द्या असं त्याने ओरडलं पाहिजे. आणि तो ओरडतो. आमच्या तराजूवर हे फार जड आहे. सत्ता कशासाठी, तर सत्तेसाठीच, असं ओब्रायन स्वच्छ सांगतो, म्हणजे हेतूच्या बाबतीतही तो चौथ्या पायरीवर आहे. आम्ही दोन दिवस त्यालाच पहिला नंबर देऊन बसलो होतो. मग एक फरक जाणवला. ओब्रायनला अख्खं मंत्रालय लागतं, यंत्रं लागतात, उंदरांचा पिंजरा लागतो. विन्स्टन मोडला तरी आपल्याला कोणी मोडलं हे त्याला माहीत आहे. ऑथेल्लो मात्र खून करून झाल्यावरही इयागोला प्रामाणिकच म्हणतो. इयागोला उंदीर लागले नाहीत. त्याला फक्त समोरच्याचा विश्वास लागला.

तिसऱ्या अंकातला तो प्रसंग आम्ही कितीदा वाचला असेल. कॅशिओ डेस्डिमोनाजवळून निघून जातो, इयागो स्वतःशीच पुटपुटल्यासारखं काहीतरी नापसंतीचं बोलतो आणि विचारल्यावर 'काही नाही' म्हणतो. मग ऑथेल्लोचेच शब्द त्याला परत देत राहतो. माझा स्वभावच संशयी आहे, माझं मनावर घेऊ नका असं सांगतो. मत्सरापासून सांभाळा असा उपदेशही तोच करतो! मराठीत याला कान भरणं म्हणतात. पण नीट पाहिलं तर इयागो फारसं काही भरत नाही. तो जागा रिकामी सोडतो, भरतो ऑथेल्लो. आणि डेस्डिमोना कॅशिओसाठी जितकी मनापासून रदबदली करते तितकी ती अधिक दोषी दिसू लागते. ती जरा कमी चांगली असती तर वाचली असती. चांगुलपणाचाच फास केलाय, आणि तो ओढणारा हात नवऱ्याचा. यापेक्षा खालची पायरी आम्हांला साहित्यात सापडलेली नाही. निकाल इयागोच्या बाजूने.

आता इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण हा निकाल लिहून काढताना आम्हांला एक जुनी गोष्ट आठवली. ती न सांगता हे व्याख्यान देणं अप्रामाणिकपणाचं होईल.

आम्ही पंचेचाळिशीत होतो. एका तरुण प्राध्यापकाला नोकरीत कायम करायचं की नाही हे ठरवणाऱ्या समितीत आम्ही होतो. बैठकीच्या आदल्या दिवशी आमचे एक सहकारी, चांगले मित्र, चहा पिताना म्हणाले, 'परवा तो एका विद्यार्थ्याच्या घरातून बाहेर पडताना दिसला. दुसऱ्यांदा. असेल काही काम.' बस, एवढंच. आम्ही विचारलं, का हो, काही आहे का? ते म्हणाले, 'छे, तसं काही नाही, जाऊ दे.' ते दिवस परीक्षांचे होते. पुढचं सगळं आमच्या डोक्याने रात्रभरात तयार केलं. पैसे, गुण, प्रश्नपत्रिका. दुसऱ्या दिवशी बैठकीत आम्ही त्याच्याविरुद्ध एक अक्षर बोललो नाही. फक्त म्हटलं, आणखी एक वर्ष पाहू या. आमच्या शब्दाला तेव्हा वजन होतं. वर्षभर तो लटकत राहिला आणि मग सोडून गेला.

चार-पाच वर्षांनी तो विद्यार्थी भेटला. अपघातात त्याचा पाय मोडला होता, वर्ष बुडू नये म्हणून सर घरी येऊन शिकवायचे, पैसे घेत नव्हते.

ते मित्र इयागो होते का, यावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. त्यांना त्यातून काहीच मिळायचं नव्हतं. भर्तृहरीचा चौथा वर्ग म्हणावा, तर त्यांच्या बाकीच्या आयुष्यात तसं काही दिसत नाही. कदाचित त्यांनी खरंच जे पाहिलं ते सांगितलं आणि 'असेल काही काम' हे त्यांचं प्रामाणिक मत होतं. म्हणजे तिथे इयागो कोणी नसेलही. कान मात्र होता. आपण ऑथेल्लोला 'हलक्या कानाचा' म्हणून मोकळे होतो, आणि इयागोला पहिला नंबर देऊन आणखी मोकळे होतो. आम्ही वर्गात हे नाटक अनेक वर्षं शिकवलं, पण चहाच्या टेबलावर ते आम्हांला ओळखू आलं नाही. ऑगस्टिनने एकट्याने चोरी केली नसती. आम्हीही एकट्याने तो संशय जन्माला घातला नसता, हे खरं. पण दोष म्हणजे भाकरी नव्हे, की दुसऱ्याला मोठा तुकडा दिला म्हणजे आपला लहान झाला.

वेळ होत आलाय. प्रश्न घेऊ.

(एक श्रोता: रावणाला तुम्ही तराजूत घातलंच नाहीत.)

बरोबर आहे. सीतेचं हरण हा क्षुल्लक अपराध नाही, पण रावणाने तो स्वतःच्या नावावर केला आणि स्वतःच्या नावावर त्याची किंमत मोजली. संन्याशाचा वेष घेऊन तिच्या आतिथ्याचा गैरफायदा घेतला, एवढ्यापुरता तो इयागोच्या वाटेवर आहे, हे मान्य. पण मेल्यावर त्याचे संस्कार नीट कर, वैर मरणाबरोबर संपलं, असं राम बिभीषणाला सांगतो. अशी वेळ ज्याच्यावर येऊ शकते तो आमच्या यादीत वर जाणार नाही.

(एक श्रोती: सर, रुमाल एमिलियाने दिला. डेस्डिमोनाने विचारलं तेव्हाही ती खोटं बोलली. ती कुठे बसते?)

हा प्रश्न आम्ही टाळत होतो, बाई. नवऱ्याला खूश करायला तिने तो दिला, कशासाठी हवाय हे विचारलं, उत्तर मिळालं नाही, आणि ती गप्प बसली. रुमाल हरवल्यावर डेस्डिमोनाची तगमग तिने डोळ्यांनी पाहिली आणि तरी गप्प बसली. लहान गोष्ट होती तोवर ती नवऱ्याच्या बाजूने होती. पण प्रेत समोर आल्यावर ती बोलली. सगळ्यांसमोर, नवरा तलवार घेऊन गप्प हो म्हणत असताना, जीव जाणार हे दिसत असताना. रुमाल मीच दिला, हेही तिने सांगितलं.

त्या तरुण प्राध्यापकांचा पत्ता आम्ही मिळवला तो निवृत्त झाल्यावर. पत्र लिहिलं, सगळं लिहिलं. त्या समितीतले बाकीचे दोघे तेव्हा हयात होते, त्यांना मात्र आम्ही काही सांगितलं नाही. पत्राचं उत्तर आलं. ते आता दुसऱ्या व्यवसायात आहेत, बरं चाललंय, आणि आपण उगाच मनाला लावून घेऊ नये असं त्यांनी लिहिलं होतं. विद्यार्थ्याचा पाय नीट झाला का, एवढं त्यांनी विचारलं होतं.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. पुढच्या वेळी सौप्तिकपर्वावर सविस्तर बोलू, ज्यांना जमेल त्यांनी वाचून या. नमस्कार.